पहिल्या धारेचा मान

आमच्या गावच्या भट्टीला लोक देवीची भट्टी म्हणत. देवीचा तिच्याशी काय संबंध, ते मला कधी कळलं नाही. देवी पीतही नव्हती आणि विकतही नव्हती. ते सगळं किसनराव करायचे.

भट्टी मुकुटबनच्या अलीकडे, नाल्याच्या काठाला. किसनरावांच्या आज्यानं सरकारी परवाना काढून ती घातलेली. कोलाम आणि गोंड माणसं जंगलातून मोहफुलं वेचून आणत. आमच्या वस्तीतल्या बाया ती वाळवत, निवडत. पुरुष फुलं भिजवून सडवा घालत, लाकडं फोडत, जाळ लावत. सडवा उकळला की वाफ बांबूच्या नळीतून खाली यायची आणि थंड पाण्यात बसवलेल्या तांब्याच्या हंड्यात दारूची धार पडायची. वैशाखात शेतात काम नसतं. तेव्हा आमच्या वस्तीच्या चुली त्या भट्टीवरच पेटत.

आज्याच्या काळात एका लग्नात या भट्टीची दारू पिऊन माणसं मेली. सडव्यात साप पडला म्हणे, देवी कोपली म्हणे, ज्याला जे सुचलं ते त्यानं म्हटलं. दहा गावचं गिऱ्हाईक तुटलं. मग आज्यानं एक रीत घातली. नव्या मोहाची पहिली धार रात्रभर हंड्यातच देवीपुढे ठेवायची. सकाळी दहा गावच्या लोकांसमोर एका माणसानं पहिला घोट घ्यायचा आणि निंबाजवळच्या दगडावर जाऊन बसायचं. दगडाभोवती राखेची रेघ ओढायची. निंबाची सावली कलून दगडाला लागेपर्यंत रेघ कुणी ओलांडायची नाही. तोवर माणूस धड बसलेला राहिला तर दारू चांगली. मग डफडं वाजे आणि विक्री सुरू होई.

या घोटाला मान म्हणत, आणि तो आमच्या घराण्याचा. गावातले झाडून सगळे मान वरच्या आळीला आणि हा एकच महारवाड्याला! एवढ्यावरूनच कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. गोविंदा. त्याचे वडील म्हणजे माझे मामाजी, उकंडा. मान मामाजींकडे होता. एरवी ते दारूला शिवत नसत. त्या एका दिवसासाठी जीभ कोरी ठेवली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या सकाळी ते पांढरं धोतर नेसत, मिशीला पीळ देत आणि आपला पितळी लोटा पाण्यानं भरून हातात घेत. लोटा घरचाच न्यावा लागे, कारण भट्टीवरचं पाणी त्यांना कोण देणार? घोटही वरून ओंजळीत ओतत. पण ते चालायला लागले की वरच्या आळीची माणसं वाट देत, आणि पाटीलसुद्धा खाटेवरून उठून उभा राही. मामाजी वर्षभर त्या चार पावलांवर जगत होते.

मी लग्न होऊन आले त्याच साली हा मान पाहिला. ऊन रणरणत होतं. दगडावर बसल्या बसल्या मामाजींना उलटी झाली आणि ते कलंडले. सासूबाई पाणी घेऊन धावल्या, तर मुकादम नेमसिंगनं त्यांना रेघेवरच अडवलं. सावली लागली नाही म्हणाला. आम्ही उभ्या. समोर माणूस पाण्यावाचून तडफडतोय आणि दहा गावचे लोक माना उंचावून सावलीकडे बघतायत. ऊनच बाधलं होतं, वाचले. घरी आल्यावर मी बोलायला तोंड उघडलं तर सासूबाईंनी दटावलं. "मानाले नाव ठेवू नोको," म्हणाल्या. पुढे सासूबाई वारल्या, पण माझ्या तोंडातलं ते वाक्य तोंडातच राहिलं.

छप्पन साली, दसऱ्याला, आमची अख्खी वस्ती नागपूरला गेली. दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा सगळ्यांनी हात जोडून म्हटल्या, आणि दारू पिणार नाही ही त्यातलीच एक. मामाजींनी ती इतक्या मोठ्यानं म्हटली की पुढचा माणूस वळून बघायला लागला. परत आल्यावर घरातले देव नाल्यात गेले, आणि महारवाड्याला आम्ही बौद्धवाडा म्हणायला लागलो. वरच्या आळीची जीभ काही लवकर वळली नाही.

हिवाळा गेला, मोह फुलला, वैशाख आला. तेव्हा किसनराव स्वतः आमच्या वस्तीत आले. आयुष्यात पहिल्यांदाच. वस्तीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी हाक मारली.

"उकंडा, परवा धार हाय. येजो."

मामाजींनी हात जोडले. "मालक, म्या सपथ घेतली. आता मले दारू चालत नाई."

"पिऊ नोको ना! पी म्हनते कोन? एक घोट घ्याचा हाय. मान हाय तुह्या घरचा."

"घोट म्हंजे पेनंच झालं मालक."

किसनराव हसले. त्यांचं हसू फार गोड होतं, म्हणून मला त्याची भीती वाटे. "बरं. बापाले नाई जमत त पोरगा घेईन. घराण्याचा मान हाय, एका मानसाचा थोडाच हाय? कोनंच नाई घेतला त गिऱ्हाईक फिरकत नाई. गिऱ्हाईक नाई त भट्टी नाई. मग तुमच्या वस्तीतला एकही मानूस मले कामाले नोको. इचार करा." एवढं बोलून ते गेले.

संध्याकाळी उजेड असतानाच वस्ती जमली. दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. बेबीताई, आमची शेजारीण, म्हणाली की शपथ पोटाला बांधून हिंडता येत नाही. कोणी म्हणालं, आज घोट घेतला तर उद्या देवही परत आणा. शेवटी गोविंदा उठला.

"म्या घेतो," तो म्हणाला. "एका मानसाची सपथ मोडन. सगळ्या वस्तीचं काम त राहीन."

मला भीती शपथेची नव्हती, हंड्याची होती. त्याच दुपारी मी भट्टीवर फुलं निवडत होते. माझ्यासमोर तो हंडा उन्हात आडवा पडला होता. बाहेरून चिंच लावून असा घासलेला की तोंड दिसावं. मी सहज आत डोकावले. आतून हंडा हिरवा होता. कल्हईचा मागमूस नाही. तांबं उघडं पडलेलं आणि त्यावर हिरवी साय धरलेली. दरसाल वणीहून कल्हईवाला येई. यंदा तो आला होता, पण किसनरावांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. आपण मुंबई राज्यात गेलो, आज ना उद्या इकडेही दारूबंदी येणार, मग जुन्या हंड्याला कल्हई कशाला, असा त्यांचा हिशेब. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतं, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? इथे तर रात्रभर दारू राहणार होती.

मी तिथल्या तिथे नेमसिंगला सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या लोकायले आता बहानेच पाह्यजे."

घरी गोविंदाला सांगितलं, तर तोही चिडला. "कल्हई नसल्यानं का मानूस मरते?"

"मरत नसन त थ्या नेमसिंगले पाज ना! किसनरावले पाज!" मी ओरडले. "तुलेच काहून तहान लागली?"

"मंग करू काय? तूच सांग. वस्तीनं खावं काय?"

मी आणखी मोठ्यानं भांडले. आमचं तान्हं पोरगं झोळीत रडायला लागलं. मामाजी ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मामाजी, तुमी तरी सांगा याले. नाई त सांगा सरळ, का मान जाऊ नये म्हनून पोरगा गेला तरी चालन."

असं सुनेनं बोलू नये. मी बोलले. मामाजींनी लोटा राखेनं घासायला घेतला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोटा घासतात म्हणजे जाणार हे नक्की, एवढंच मला कळलं. आता बाप घोट घेणार की लेक, तेवढंच ठरायचं राहिलं होतं.

धारेच्या सकाळी गोविंदा उठायच्या आत मामाजी पांढरं धोतर नेसून, लोटा घेऊन निघूनसुद्धा गेले होते. आम्ही दोघं धावतच गेलो. भट्टीवर माणूस मावत नव्हता. बैलबंड्या नाल्यापलीकडपर्यंत सुटलेल्या. मामाजींना पाहून लोकांनी वाट दिली, पाटील उठून उभा राहिला, डफडेवाल्यानं डफडं जाळावर शेकायला घेतलं. किसनरावांचा चेहरा उजळला. हंड्याजवळ जाऊन मामाजी थांबले. मी गोविंदाचा हात धरला होता. तो ओढत होता आणि मी सोडत नव्हते.

नेमसिंगनं पेला भरला. "ओंजळ कर."

मामाजींनी ओंजळ केली नाही. दोन्ही हातांनी लोटा छातीशी धरून ते लोकांकडे वळले. "आइका हो," ते म्हणाले. "इतके साल म्या घोट घेतला अन् तुमी माह्या भरोशावर पेले. आज म्या घेत नाई. माही सपथ हाय. माह्या पोराचीबी हाय. अन् सपथ नसती तरी घेतला नसता. हंड्याले आतून कल्हई नाई. तुमी आज पिऊ नोका."

जाळात एक लाकूड फुटलं.

मग एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, म्हातारा धंदा बुडवायला आला. कोणी म्हणालं, नागपूरला जाऊन यायले शिंगं फुटली. वरच्या आळीची दोन पोरं काठ्या घेऊन पुढे सरली. पण मागे उभे असलेले बाहेरगावचे लोक हलले नाहीत. ते हंड्याकडे बघत होते. मानाचा घोट न झालेली दारू त्यांच्या बापजाद्यांनी कधी प्यायली नव्हती.

"हंडा रिकामा करून दाखवा," मागून कोणीतरी म्हणालं.

किसनरावांचा चेहरा लाल झाला. "देवीपुढची धार रिकामी करू? माह्या आज्याचा हंडा हाय हा!" त्यांनी नेमसिंगच्या हातातला पेला हिसकावला. "पाहा! पाहून घ्या सगळे!" आणि घोट नाही, सबंध पेला त्यांनी घशात ओतला. मिशा पुसल्या आणि ताठ चालत जाऊन दगडावर बसले. "ओढ रे नेमसिंग रेघ. सावली लागेपर्यंत बसतो."

नेमसिंगनं राखेची रेघ ओढली आणि आम्ही सगळे वाट बघायला लागलो.

किसनराव कधी उन्हात बसलेले नव्हते. आधी त्यांनी उपरणं डोक्यावर घेतलं. लोकांकडे बघून हसले. मग हसू थांबलं. निंबाची सावली खोडापाशी गोळा होऊन पडली होती, दगडाकडे वळायला तयार नव्हती. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की पडावा. इथंच, सगळ्यांसमोर पडावा. आमच्या घरातल्या माणसांनी दरसाल जे गिळलं ते याच्याही पोटात एकदा जाऊ दे. लगेच वाटलं, हा मेला तर वस्ती जाळतील. मी एकदा त्यांच्याकडे, एकदा त्या काठ्यांकडे बघत होते. गोविंदा आता हात ओढत नव्हता. त्यानंच माझा घट्ट धरला होता.

मामाजी रेघेबाहेर उभे होते. त्यांना कोणी जा म्हणालं नाही आणि ते गेले नाहीत.

किसनरावांनी पोटावर हात दाबला. मग वाकले आणि भडाभडा ओकले. हिरवट, फेसाळ. पुन्हा ओकले. दगडावरून घसरून खाली आले. "पानी," म्हणाले. "नेमसिंग, पानी आन."

नेमसिंग धावला आणि रेघेवर येऊन थबकला. त्याच्या मागे पाटील, किसनरावांचे भाऊबंद, सगळे येऊन थबकले. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "सावली लागू द्या. देवी कोपन." बिचारे वाईट नव्हते. त्यांनी रीत दुसऱ्यासाठी केली होती, आणि तीत आपला माणूस सापडल्यावर ती मोडायची कशी हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. किसनराव मातीत हात घासत होते. सगळे माना उंचावून सावलीकडे बघत होते.

मामाजींनी रेघ ओलांडली.

ते किसनरावांजवळ बसले. त्यांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि लोटा ओठांपाशी नेला. किसनरावांनी डोळे उघडले. लोटा कोणाचा ते ओळखलं आणि तोंड मिटलं. होय, मिटलं. जीव कासावीस झाला होता, पाणी ओठाला लागलं होतं, आणि तो माणूस मान वळवून, कोण बघतंय ते बघत होता. दहा गावं बघत होती.

"मालक," मामाजी म्हणाले, "इतके साल तुमाले माही जीभ चालली. आज हात चालत नाई का?"

त्यात राग नव्हता. राग माझ्याकडे होता. मामाजी खरोखरच विचारत होते, आणि लोटा तसाच धरून उत्तराची वाट बघत होते.

किसनराव प्यायले. आधी थोडं, मग दोन्ही हातांनी लोटा धरून घटाघटा. प्यायले, ओकले, पुन्हा प्यायले. मामाजींनी गोविंदाला हाक मारून अजून पाणी मागवलं. गोविंदा भट्टीच्या रांजणाकडे गेला, ज्या रांजणाला आमची सावली चालत नव्हती, आणि त्यानं त्यात घागर बुडवली. त्याला कोणी अडवलं नाही.

सगळे तिकडे बघत असताना मी हंड्यापाशी गेले. सुनेनं, बाईनं, आमच्या जातीतल्यानं हंड्याला हात लावायचा नाही, म्हणून मी पाय लावला. हंडा आडवा झाला, धार मातीत गेली. आतला हिरवा थर उन्हात चमकला आणि ज्यांना बघायचा होता त्यांनी तो बघितला. काठ्यावाली पोरं सगळ्यात आधी पांगली.

किसनराव बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. वाचले. वणीहून कल्हईवाला आला आणि मानाशिवायच भट्टी लागली. आमची माणसं कामावरून काढली गेली नाहीत, काढायचं तोंडच उरलं नव्हतं. पुढच्या साली त्यांनी निरोप पाठवला की हंडा स्वतः येऊन बघा, पण रीत मोडू नका. मामाजींनी नकार कळवला. तीही धार तशीच गेली. मग एकोणसाठ साली खरंच आमच्याकडेही दारूबंदी आली, परवाना गेला, हंडा मोडीत गेला आणि देवीच्या भट्टीत शेळ्या बसायला लागल्या. मानाचा दगड गोविंदानं बैलबंडीत घालून घरी आणला. त्यावर मी धुणं धुते. चांगला दगड आहे.

गोष्ट इथं संपायची. पण मामाजी शेवटच्या दुखण्यात होते, तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. मी त्यांना पेज भरवत होते. ते एकदम म्हणाले, "सत्यभामा, तुले सांगतो, कोनाले सांगू नोको. मले त्या दिवसाची याद येते. धारेच्या. सालातून एक दिवस दहा गावचे लोक माह्याकडे पाहत होते. सपथीचा पस्तावा नाई मले. पन तसं मले पुन्हा कोनं पाह्यलं नाई."

पूर्वीची मी असते तर तोंडावर काही तरी टोचून बोलले असते. आताही आवाज चढलाच.

"मामाजी, थे लोक तुमाले नोते पाहत. तुमी मरता का जगता थे पाहत होते. दारू कशी हाय, थे पाहत होते." मी चमचा खाली ठेवला. "तुमी लोटा घेऊन रेघ ओलांडली ना, तवा त्यायनं तुमाले पाह्यलं. पयल्यांदा."

मामाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, माझं चुकलं, मरणाऱ्या माणसाचा एवढा एक मान मी काढून घेतला.

मग त्यांनी विचारलं, "पाटीलबी पाहत होता का?"

"व्हय," मी म्हटलं. "उभा राहून."

त्यांनी पेजेसाठी तोंड उघडलं.